तात्पुरता साहाय्यक : कार्यालयातील पहिले पंधरा दिवस



ओझरची ओळख करून देताना विमानांचा उल्लेख प्रथम येतो, आणि तो यावा हे योग्यच आहे. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना या परिसरात उभा राहिला. मिग विमानांचे सांगाडे ओझरला, इंजिने ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी त्या काळी कामाची वाटणी होती. मिगनंतर सुखोई आली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथेच बांधलेल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले.

या कारखान्याने परिसराला रोजगार दिला, वसाहत दिली. त्याचबरोबर 'कायम' या शब्दाला मोठे वजन प्राप्त करून दिले. मुलगा कामाला लागला असे कळले की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कायम आहे ना? सोयरीक जुळविताना तर हा प्रश्न पहिल्या चहाच्या आधीच येतो. अशा गावातील एखादा तरुण किंवा तरुणी जेव्हा थोड्या महिन्यांच्या मुदतीने सरकारी कार्यालयात साहाय्यक म्हणून रुजू होते, तेव्हा घरचे त्या कामाकडे कसे पाहतात, कार्यालय कसे पाहते आणि त्या मधल्या काळात तो माणूस तेथे रुळतो की नुसताच बसून राहतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' सुरू केली. वय १८ ते ३५. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० रुपये आणि पदवीधर अथवा पदव्युत्तरास १०,००० रुपये विद्यावेतन. ते थेट बँक खात्यात जमा. मुदत प्रारंभी सहा महिन्यांची होती. २०२५ मध्ये तीत पाच महिन्यांची भर पडून ती अकरा महिन्यांची झाली. खाजगी उद्योगांबरोबरच शासकीय कार्यालये, स्थानिक स्वराज्य संस्था आणि काही ठिकाणी शाळा यांतही हे प्रशिक्षणार्थी रुजू झाले. ज्या कार्यालयांत रिक्त पदांची तक्रार कित्येक वर्षे चालू होती, तेथे अचानक दोन-चार तरुण हात उपलब्ध झाले.

यातील 'विद्यावेतन' हा शब्द लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. तो वेतन नव्हे. कागदावर ही व्यक्ती शिकण्यासाठी आलेली असते. टेबलावर मात्र ती कामाला लावली जाते. कागद आणि टेबल यांच्यामधील हे अंतर कार्यालय प्रमुखाने ओळखले नाही, तर पुढील सगळ्या अडचणी तेथूनच उगम पावतात.

उदाहरणादाखल ओझरमधील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. भाऊ आयटीआय होऊन कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला आहे. बहीण पदवीधर असून गावातल्याच एका सरकारी कार्यालयात कार्य प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाली आहे. दोघांचेही काम मुदतीचे. दोघांनाही विद्यावेतनच. परंतु भावाच्या मागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा उभा आहे. त्याच्याशी लेखी करार झालेला असतो, व्यवसायाचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, रोजच्या कामाची नोंद ठेवावी लागते आणि अखेरीस परीक्षा असते. शिवाय विमानाच्या कारखान्याची शिस्त काही औरच. पाना असो की पेचकस, मोजून घ्यायचा आणि मोजून परत करायचा. कारण विमानाच्या पोटात विसरलेला एक पाना किती महाग पडेल याचा हिशेब कोणालाच करून पाहायचा नसतो. आपल्याला काय शिकायचे आहे, कोणाला विचारायचे आहे आणि चूक झाली तर ती कोठे दिसेल, हे त्या मुलाला पहिल्या आठवड्यातच कळते.

बहिणीचे काय होते? ती सकाळी पावणेदहाला नवी ओढणी, नवी पिशवी आणि रुजू होण्याचे पत्र घेऊन कार्यालयाच्या दारात उभी राहते. साहेब दौऱ्यावर असतात. लिपिक कामात असतात. शिपाई एक स्टूल दाखवितो. पहिल्या दिवशी ती त्या स्टुलावर बसते. दुसऱ्या दिवशी कोणी रजेवर असेल तर त्याच्या खुर्चीवर बसते, आणि तिसऱ्या दिवशी तो कर्मचारी परत आला की पुन्हा उठते. कोणी तिला 'ती ट्रेनी' म्हणते, कोणी 'ए मुली' म्हणते. झेरॉक्स आण, हा कागद पलीकडे दे, जरा चहाचे सांगून ये, अशी कामे होत राहतात. सायंकाळी घरी 'आज काय केलेस?' या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते, आणि भावाजवळ असते. कामाची मुदत दोघांची सारखीच होती, हे येथे विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, नवा माणूस थोडे दिवस असाच असतो, हळूहळू रुळतो. कायम कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे खरे आहे. त्याच्यापुढे तीस वर्षे असतात. ज्याच्याजवळ एकूण सहा महिने आहेत त्याचे दोन महिने स्टुलावर गेले, तर तिसरा हिस्सा गेला. म्हणून तात्पुरत्या साहाय्यकाच्या बाबतीत पहिले पंधरा दिवस निर्णायक ठरतात आणि त्यांची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे कार्यालयाची असते.

या पंधरा दिवसांत फार मोठे काही करावयाचे नसते. एक ठरलेली जागा, एक ठरलेली नोंदवही आणि विचारण्यासाठी एक ठरलेला माणूस. जागा म्हणजे स्वतंत्र दालन नव्हे. टेबलाचा एक कोपरा आणि कपाटातील एक कप्पा पुरे. विचारण्याचा माणूस मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. कार्यालयातील सर्वांत हुशार माणूस या कामासाठी बहुधा योग्य नसतो. त्याला वेळ नसतो आणि धीरही नसतो. ज्याला एकच गोष्ट तीनदा सांगण्याचा कंटाळा येत नाही असा एखादा ज्येष्ठ लिपिक प्रत्येक कार्यालयात असतो. त्याच्याकडे ही मुलगी सोपवावी.

उरली नोंदवही. पहिल्या आठवड्यात आवक-जावक नोंदवही हाती देणे उत्तम, असे जुने कर्मचारी सांगतात आणि त्यात अनुभव आहे. वरवर पाहता हे काम कंटाळवाणे आहे : पत्र आले, क्रमांक घातला, दिनांक घातला, कोणाकडे दिले ते लिहिले. परंतु आठ दिवस हे काम करणाऱ्याला कार्यालयाची नाडी सापडते. कोणते कागद तहसीलमधून येतात, कोणते जिल्हा परिषदेतून. कोणत्या पत्रांवर 'तातडीचे' असा शिक्का असतो आणि त्यांतली खरोखर तातडीची कोणती. कोणता अर्जदार तिसऱ्यांदा आला आहे, हे सारे न विचारता कळते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्यानुसार नागरिकाचा हक्क आहे, आणि ती मुदत मोजताना अर्ज कोणत्या दिवशी मिळाला हे पाहावेच लागते. म्हणजे नवागत साहाय्यकाने लिहिलेला दिनांक हा कोणाच्या तरी हक्काचा प्रारंभबिंदू असतो. हे तिला सांगितले तर अक्षर आपोआप सुधारते.

दुसऱ्या आठवड्यात अभिलेखांकडे वळावे. आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धत आहे : कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद. ही पद्धत सर्वांना तोंडपाठ असते. कपाट उघडले की मात्र पुष्कळदा सातवा गठ्ठा निघतो, ज्यात सगळेच असते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात (आजचा अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची बैठकव्यवस्था बदलली, साठलेल्या अभिलेखांची छाननी करून घेतली आणि येणाऱ्या माणसाला आपला कागद कोठे आहे हे कळावे अशी रचना केली. 'लखिना पद्धत' या नावाने ती ओळखली गेली. त्या प्रयोगातील एक गोष्ट येथे उपयोगाची आहे. कागद लावण्याचे काम हलके मानले जाते, पण ते केल्याशिवाय कार्यालय कळत नाही. अ वर्गाचा कागद कायम का ठेवायचा आणि ड वर्गाचा वर्षभराने का काढायचा, हे ज्या तरुणाला एकदा समजले त्याला प्रशासनाची अर्धी व्याकरणे समजली. मात्र नष्ट करावयाच्या गठ्ठ्याला त्याने एकट्याने हात लावू नये. तेथे जबाबदार कर्मचारी समोर हवाच.

आता थोड्या अप्रिय गोष्टीकडे वळणे भाग आहे. आजचे बहुतेक काम संगणकावर चालते. नवी मुले त्यात तरबेज असतात. पंधराव्या दिवशी त्यांचा हात ज्येष्ठांपेक्षा वेगाने चालू लागतो. मग एखादे दिवशी घाईच्या वेळी 'हा घे पासवर्ड आणि उरकून टाक' असे शब्द उच्चारले जातात. पुढे पुढे अंकीय स्वाक्षरीचे डोंगलही त्याच खणात राहू लागते. ज्या स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्यता दिली ती अधिकाऱ्याची व्यक्तिगत जबाबदारी आहे. ती टेबलावर ठेवलेल्या रबरी शिक्क्याप्रमाणे कोणीही उचलून वापरण्याची वस्तू नाही. चूक झाली तर उत्तर द्यावे लागते ते स्वाक्षरी ज्याची त्याला. आणि त्या मुलाला किंवा मुलीला तर आपण कोणत्या जोखमीत उभे आहोत हेच ठाऊक नसते. साहेबांचा विश्वास संपादन केला, एवढेच तिला वाटत असते. विश्वास दाखविण्याचे दुसरे पुष्कळ मार्ग आहेत.

याचा अर्थ तिला महत्त्वाचे काम देऊच नये असा नाही. निफाड तालुका द्राक्षांचा. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की पंचनाम्यांच्या याद्या तयार होतात. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, बँक खाते, आधार क्रमांक. या माहितीची नोंद करताना खाते क्रमांकातील एक अंक चुकला तर एका शेतकऱ्याची मदत अडकते आणि तो दोन महिने या कार्यालयातून त्या बँकेत आणि त्या बँकेतून या कार्यालयात फिरत राहतो. अशा वेळी एकाने वाचावे, दुसऱ्याने भरावे आणि तिसऱ्याने ताडून पाहावे. यातील पहिल्या दोन जागांवर तात्पुरते साहाय्यक उत्तम काम करू शकतात. तिसरी जागा कर्मचाऱ्याची. जन्म-मृत्यू नोंदीचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच पाहिले जाते. उपस्थित शिक्षकांना हे वेगळे सांगावयास नको. दाखल्यातील नावाच्या एका वेलांटीमुळे उद्भवणारी प्रकरणे प्रत्येक जून महिन्यात त्यांच्यासमोर येतात. नोंद करणाऱ्या साहाय्यकाला ही साखळी शेवटपर्यंत दाखवावी. आपण भरलेला रकाना सहा वर्षांनी कोणत्या शाळेत वाचला जाईल हे कळल्यावर तो रकाना यांत्रिक राहत नाही.

हंगामी कामालाही प्रतिष्ठा असू शकते याचे उदाहरण शोधण्यासाठी ओझरच्या शेतकऱ्यांना गावाबाहेर जाण्याची गरज नाही. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडे असल्यामुळे येथे हक्काचे पाणी पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकाच्या आरंभी येथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे आणि मोजून वाटायचे, हे त्यांनी स्वीकारले. आवर्तन सुरू असते तेवढेच दिवस वाटपाची धावपळ असते; पाणी बंद झाले की ते काम संपते. पण त्या दिवसांत कोणाला किती तास पाणी मिळाले याची नोंद चुकली तर गावात भांडण होते, आणि नोंद चोख असेल तर भांडण टळते. तेथे हे काम करणारा माणूस बारमाही आहे की हंगामी, असे कोणी विचारीत नाही. वहीत काय लिहिले आहे, ते विचारतात. सरकारी कार्यालयाला यातून घेण्यासारखे आहे ते एवढेच की काम मोजता येईल असे दिले, की करणारा आपोआप स्थिरावतो. महिनाभरात लोक तिला 'ताई, माझ्या अर्जाचे काय झाले?' असे विचारू लागतात. 'ए मुली' पासून 'ताई' पर्यंतचे हे अंतर कोणत्याही परिपत्रकाने कापता येत नाही.

येथवर रुळण्याविषयी झाले. रुळलेल्या माणसाला एक दिवस उठावे लागते, ही या विषयाची अवघड बाजू आहे, आणि तिच्याविषयी मौन पाळणे हा कार्यालयांचा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

महाराष्ट्राला याचा जुना अनुभव आहे. रोजगार हमी योजनेच्या कामांवर मजुरांची हजेरी मांडण्यासाठी हजेरी सहायक नेमले गेले. काम संपले की नेमणूक संपावी, अशी मूळ कल्पना. पण दुष्काळ एका वर्षाने संपत नव्हते, कामे संपत नव्हती. तात्पुरती नेमणूक वर्षानुवर्षे लांबत गेली. माणसांची लग्ने झाली, मुले शाळेत गेली, वये वाढली आणि सेवेचा भरवसा मात्र नाही. मागण्या, न्यायालयीन वाद आणि दीर्घ प्रतीक्षा यांनंतर १९९० च्या दशकात त्यांना शासकीय सेवेत टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याचे निर्णय करावे लागले. शिक्षकवर्गाला दुसरे उदाहरण घरचेच आहे. २००० सालानंतर नेमणूक झालेल्या कित्येकांनी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे अल्प मानधनावर काढली आहेत. मात्र त्या वाटेच्या शेवटी काय आहे हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत होते. तीन वर्षे समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी. तात्पुरतेपण सोसावे लागते ते त्याची अखेर माहीत असेल तरच.

कार्य प्रशिक्षणाच्या वाटेच्या शेवटी काय आहे? योजनेप्रमाणे प्रमाणपत्र आहे, नोकरीची हमी नाही. २०२५ मध्ये प्रशिक्षणार्थींनी सेवेत कायम करावे या मागणीसाठी आंदोलने केली. त्यांची निराशा समजण्यासारखी होती. अकरा महिने ज्या टेबलाने आपल्यावाचून अडते असे दाखविले, ते टेबल बाराव्या महिन्यात अनोळखी व्हावे, हे कोणालाही लागणारच. दुसरीकडे कायद्याची स्थितीही स्पष्ट आहे. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या प्रकरणात सांगितले की, सार्वजनिक पदावरील नेमणूक खुल्या स्पर्धेतून, सर्वांना समान संधी देऊनच व्हावी. केवळ तात्पुरती सेवा केली म्हणून कायम होण्याचा हक्क निर्माण होत नाही. बाहेर अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचाही त्या पदावर तेवढाच हक्क आहे, हा त्यामागील विचार. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शासनाने रिक्त पदे वेळेवर भरली असती तर या दोन तरुणांना एकमेकांसमोर उभे राहावे लागले नसते, असेही कोणी म्हणेल, आणि त्याला खोडून काढणे कठीण आहे.

कार्यालय प्रमुखाच्या हाती ही पदे नसतात. त्याच्या हाती असते ते खरे बोलणे. 'काम चांगले करा, पुढे पाहू' हे वाक्य सहज तोंडातून निघते. बोलणारा ते विसरतो. ऐकणारी मुलगी घरी जाऊन ते आईला सांगते, आणि आई शेजारी सांगते. ओझरसारख्या गावात, जेथे 'कायम' या शब्दावर सोयरिकी ठरतात, तेथे अशा एका सैल वाक्याची किंमत मोठी असते. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी मुदत संपण्याची तारीख सांगावी, ती कपाटाच्या आत चिकटविलेल्या कामाच्या वेळापत्रकावर लिहावी, आणि परीक्षांच्या जाहिराती आल्या की त्या आपण होऊन दाखवाव्यात. अर्ज भरण्यासाठी किंवा परीक्षेसाठी तिने सुटी मागितली तर कपाळाला आठी पडू नये. कार्यालयातील कामाची माहिती तिला त्या परीक्षेत उपयोगी पडते, हा तर तिचा खरा लाभ आहे. सात-बारा काय असतो, कर आकारणी आणि कर मागणी यांत भेद काय, हे पुस्तकातून पाठ करणारे पुष्कळ असतात. रकाने भरून शिकलेले थोडे.

शेवटच्या आठवड्यासाठी दोन कामे राखून ठेवावीत. पहिले, प्रमाणपत्राबरोबर देण्याचे पत्र. 'काम समाधानकारक' एवढा एक शब्द लिहून ते पत्र दिले जाते, आणि असा कागद कोणत्याही खाजगी नोकरीत दुसऱ्यांदा वाचला जात नाही. तिने कोणती नोंदवही सांभाळली, किती अभिलेखांची सूची केली, कोणती संगणकप्रणाली हाताळली, हे पाच ओळींत लिहिण्यास दहा मिनिटे लागतात. दुसरे काम तिने करावयाचे : सांभाळलेल्या नोंदवह्यांची यादी, कपाटाच्या कप्प्याची किल्ली, आणि एका पानावर अर्धवट राहिलेल्या कामांचे टिपण, कोणाचा कागद कोठे अडला आहे, कोणाला फोन करायचा राहिला आहे. ते पान त्या ज्येष्ठ लिपिकाने वाचून, समजून घेऊन, तिच्यासमोर स्वाक्षरी करून ठेवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी आलेल्या अर्जदाराला मग 'ते त्या ताई पाहत होत्या, त्या गेल्या' असे उत्तर मिळत नाही.